काटा खाली व्हता

पौड, ता. मुळशी
मंगळवार, २५ सप्टेंबर १९६२

प्रिय अलाउद्दीनभाई,

आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नगंस. चौथीतनं शाळा सुटली तवापासनं माझा हात पान्ह्याला बसलाय, टाकाला न्हाई. मी एक ओळ लिवते तेवढ्यात अब्बा एक पंक्चर काढत्यात. घरात आपण आपल्या बोलीत बोलतो, पण लिवता येतं ते शाळंतलं मराठीच, आणि तेबी बाजारात बोलतात तसंच उतरतंय. याच्या आधीची तिन्ही कार्डं अम्मानं सांगितली आणि मी लिवली. सगळे खुशाल, तू खुशाल, जेवणाची हेळसांड करू नगंस, संपलं कार्ड. हे मात्र अम्मानं सांगितलेलं न्हाई. म्हणून कार्डात मावणार न्हाई, आणि पोस्टमननं वाचावं असंबी मला वाटत न्हाई.

हितलं सांगायचं तर पाऊस आता सरत आलाय. आंबेमोहोर भात फुलोऱ्याला आलाय, सकाळी दार उघडलं की वास येतो. अम्माचा गुडघा पावसाळाभर दुखला, आता जरा बरा हाय. दसरा तेरा दिवसांवर आला, म्हणून गॅरेजापुढं जांभळाखाली रंगाला गाड्या लागल्यात. अब्बांचं जेवण उभ्या उभ्या चाललंय. तू कोयनेच्या धरणावर मोठ्ठ्या डंपरवर हायेस म्हणून अम्मा सगळ्यांना सांगते. अब्बा त्या वेळी काहीतरी शोधायला आत जातात. तुझं नाव घरात सहा महिने त्यांनी घेतलं न्हाई. पण मला सांगायचंय ते तू चालवत व्हतास त्या हैबतरावांच्या गाडीचं, आणि तिच्या काट्याचं.

तुला वाटंल, ते कशाला आता. भाई, ते कधी संपलंच न्हाई हितं. शिमगा होऊन आठवडा झाला व्हता, तू मुळशीहून भाताची पोती भरून निघालास आणि पिरंगुटच्या चढाला इंजन जाम झालं. दुसऱ्या ट्रकला साखळी बांधून गाडी परत आणली तवा मी दारातच उभी व्हते. क्लीनर कोंडाजी पोत्यांवर झोपला व्हता, त्यानं काय बघितलंच नव्हतं. उतरल्या उतरल्या कानाला हात लावून मोकळा झाला. तू एकच म्हणत राह्यलास, काटा खाली व्हता, इंजन गरम झालेलं मीटरवर दिसलंच न्हाई. मंग अब्बांनी चुलीवरचं उकळतं पातेलं मागवलं. इंजनातलं ते गरमी मोजायचं पितळेचं बोंडूक काढून पाण्यात बुडवलं, मीटरला आणि बोंडकाला बॅटरीच्या तारा थेट लावल्या, आणि काटा सरसर चढून लाल रेघेला टेकला. हैबतराव म्हणले, "बघा चांदभाई, मीटर खरं बोलतंय. आता खोटं कोण बोलतंय ते तुमीच ठरवा." अब्बा तुला म्हणले, "डोळा लागला व्हता ना? कबूल कर, मोकळा व्हशील." तू पुन्हा तेच म्हणालास. त्यावर ते चारचौघांत म्हणले, "खोटं बोलणाऱ्याला माझ्या गॅरेजात जागा न्हाई." सकाळच्या एस्टीनं तू गेलास. मी तुझ्या पिशवीत भाकरी बांधून दिली आणि तोंडातनं एक अक्षर काढलं न्हाई.

तू गेल्यावर ते बोलणं गावात खेळ होऊन बसलं. कुणाचं दूध उतू गेलं की शेजारीण म्हणते, काटा खाली व्हता वाटतं. मामलेदार कचेरीपुढं कुणाला तारखेला उशीर झाला की शिपाईसुद्धा म्हणतो, काय, अलाउद्दीनचा काटा का? अम्मानं एकदा विहिरीवर एका बाईची घागर उपडी केली त्यावरनं. तुला हे कळवायचं नव्हतं. पण बकरीदलाबी तू आला न्हाईस, त्याचं कारण आमाला समजत न्हाई असं तुला वाटू नये, म्हणून लिवलं.

इंजनाचे सुटे भाग मिळता मिळता श्रावण आला. अब्बांनी हैबतरावांचं सगळं काम स्वतःच्या हातानं केलं, मला पिस्टनला हातसुद्धा लावू दिला न्हाई. इंजन बसलं आणि मागच्या सोमवारी हैबतराव पुण्याच्या जुन्या बाजारातनं दोन मीटरं घेऊन आले. एक टेंपरेचरचं, एक ऑइलच्या दाबाचं. चांगली बशीएवढी मोठी, काचेला तडा न्हाई. म्हणले, "जुनं मीटर राहू द्या तिथंच. ही दोन डायवरच्या नाकासमोर बसवा. आता कुणी म्हणायचं न्हाई मला दिसलं न्हाई." हे बोलताना ते जांभळाकडं बघत व्हते, अब्बांकडं न्हाई. अब्बांनी मीटरं माझ्या हातात दिली.

तुला म्हाईतच हाय, डॅशबोर्डाच्या मागचं काम माझंच असतं. अब्बांचा हात तिथं मावत न्हाई, आणि मला तिथं बरं वाटतं. पाठ सीटला, डोकं खाली, तोंडात पकड. कुणी बोलायला येत न्हाई. गुरुजी उभं करून धडा वाचायला लावायचे तवा माझा आवाज फुटायचाच न्हाई, सगळा वर्ग माना वळवून बघत बसायचा. मंग मी जायचंच सोडलं. वायरींना मी घाबरत न्हाई. त्या वळून बघत न्हाईत.

काम मी दीड दिवसात केलं. नीट केलं, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकते. करंट स्विचमधनं घेतला, म्हंजे चावी काढली की मीटरंबी झोपतात आणि बॅटरी खात न्हाईत. मधी फ्यूज टाकला. दिव्याच्या तारा वेगळ्या घेतल्या. अर्थाची, म्हंजे करंट परत न्यायची तार बसवायच्या आधी डॅशबोर्डाचा पत्रा पॉलिशपेपरनं घासून रुपयासारखा चकचकीत केला, मंगच स्क्रू आवळला. अब्बांचं तुला पाठच असंल, करंटला जायला वाट लागते तेवढीच परत यायलाबी लागते, आणि लोक जायची वाट बघतात, यायची बघत न्हाईत. दोन्ही नवी बोंडकं इंजनात बसवली. तारांना गाठी मारल्या न्हाईत, सगळं कथलानं झाळलं. अब्बा वाकून बघून गेले आणि हूं म्हणले. ते हूं म्हणले म्हंजे काय ते तुला ठाऊक हाय.

बुधवारी गाडी चालू केली. उतारावर उभी व्हती, ढकलूनच चालू केली. त्या गाडीचा सेल्फ गेल्या दसऱ्यापासनं उठतच न्हाई, नुसता कण्हतो. सगळे म्हणतात बॅटरी बसली. अब्बांनी दोनदा चार्जिंगला पाठवली, तरी तेच. तूसुद्धा शिमग्यापर्यंत गाडी उतार बघूनच लावत व्हतास ना? कचेरीमागच्या चढावर तुझी गाडी दिसली की पोरं धक्का मारायला पळायची. तर गाडी चालू झाली. अब्बांनी रेडिएटरपुढं पोतं बांधलं, इंजन लौकर तापावं म्हणून. अर्ध्या तासात पाणी खदखदायला लागलं, झाकणातनं वाफ सुटली. आणि नव्या मीटरचा काटा मधोमध उभा! जुन्या मीटरचाबी काटा मधोमध. ऑइलचा काटा तर तळातनं हलला न्हाई. अब्बांनी गडबडीनं इंजन थांबवलं, ऑइलची नळी सैल केली, पुढनं हँडल घालून इंजन जरा फिरवलं, तर ऑइल बक्कळ येतंय. ते चिडले. म्हणले, "जुन्या बाजाराचा माल! जुन्या बाजारात आणखी काय मिळणार?" आणि मीटरं काढून ठेव म्हणून नमाजाला गेले.

मी मीटरं काढायला आत घुसले, पण स्क्रूला हात लावला आणि थांबले. एक मीटर खोटं बोलंल. हैबतरावांनी आणलेलं नवं खोटं बोललं, हे कबूल. पण जुनं तर अब्बांनीच उकळत्या पाण्यात तपासलेलं, ते खरं ठरलेलं, त्याच्यावरनंच तर तू खोटा ठरलास. मंग तेबी आज नव्याबरोबर मधोमधच कसं उभं राह्यलं? दोघांच्या तारा वेगळ्या, बोंडकं वेगळी, अर्थ वेगळे. दोघांचं सारखं फक्त इंजन. मी तिथंच बसून राह्यले. पातेल्यातल्या बोंडकाला अब्बांनी तारा बॅटरीवरनं थेट लावल्या व्हत्या. गाडीत तसं नसतं. गाडीत बोंडकाचा करंट इंजनाच्या अंगातनं चॅसीला, म्हंजे खालच्या सांगाड्याला जातो आणि तिथनं बॅटरीला परत जातो. आणि इंजन तर रबरावर बसलेलं, लोखंडाला लोखंड कुटंच टेकत न्हाई. जातो तो एका तांब्याच्या चपट्या वेणीतनं, इंजनापासनं चॅसीपर्यंत जी लोंबते तिच्यातनं.

वायरीचा एक उरलेला तुकडा घेतला. एक टोक बॅटरीच्या अर्थाच्या खुंटीला धरलं, दुसरं इंजनाच्या बोल्टाला टेकवलं. चावी लावलेलीच व्हती, इंजन अजून तापलेलं. वर मान करून काचेतनं बघते तर टेंपरेचरचे नवा-जुना दोन्ही काटे एकदम उठले आणि लाल रेघेला जाऊन बसले. तार काढली, दोन्ही खाली. पुन्हा टेकवली, पुन्हा वर. वेणीतनं करंट परत जात न्हाई हे कळलं, तसं मला सगळं एकेक करून उलगडलं. सेल्फ कण्हतो तो त्याच्यामुळंच. डायनामोचा करंट बॅटरीला पोचत न्हाई तो त्याच्यामुळंच. आणि तू एकदा म्हणला व्हतास ना, सेल्फ मारला की इंजन बंद करायची तार हाताला भाजते? अब्बा म्हणले व्हते, मंग फडकं धर. भाई, वेणीतनं वाट मिळत न्हाई म्हणून करंट त्या बारक्या तारेतनं जात व्हता. पिरंगुटच्या चढाला तुझा काटा खरंच खाली व्हता. तू शब्दाशब्दाला खरा व्हतास.

आता तू म्हणशील, तवाच पळत जाऊन सांगायचं व्हतंस. मी न्हाई सांगितलं. मीटरंबी काढली न्हाईत. बुधवार गेला, गुरुवार गेला. अब्बांनी विचारलं तर मी म्हणले, एक स्क्रू अडकलाय. का न्हाई सांगितलं ते पुढं लिवते, आधी झालं ते पुरं करू दे.

शुक्रवारी सकाळी हैबतराव आले. बरोबर कोंडाजी, आणि रंगाला गाड्या लावलेले दोन मालक चहा पीत बसलेले. अब्बांनी सांगितलं, मीटरं फालतू हायेत, परत करा. हैबतरावांना राग आला. म्हणले, "दुकानदारानं माझ्यासमोर तपासून दिलीत. तुमच्या गॅरेजात आली की सगळी मीटरं बिघडतात का हो चांदभाई? मागं पोराचा काटा खाली, आता बापाचा काटा खाली." कोंडाजी फिदीफिदी हसला. ते दोघं मालकबी हसले. अब्बांनी हातातलं फडकं घडी घालून खिशात ठेवलं. त्यांचं ते घडी घालणं मला बघवलं न्हाई.

मी गाडीतच व्हते. खाली उतरले. मला सांगायचं व्हतं की थांबा, पण शाळंत व्हायचं तेच झालं, सगळ्यांनी माना वळवल्या. मंग मी बोलायचा नाद सोडला. गाडीला हात करून कोंडाजीला धक्का मारायची खूण केली आणि पुन्हा वर चढले. तो हैबतरावांकडं बघायला लागला, हैबतराव म्हणले, "मार की, बघू काय करतीया ती." गाडी उतारावरनं चालू झाली, मी ब्रेक लावून उभी केली. व्हय, मीच. गेल्या महिन्यापासनं आवारात गाडी हलवायला अब्बा मला देतात. रेडिएटरपुढं पोतं बांधलं. वाफ येईस्तोवर सगळे उभेच. मी हैबतरावांना बोटानं केबिनमधी चढायला सांगितलं, त्यांच्यासमोर काटे मधोमध. मंग बोनेटशी गेले आणि तार टेकवली. आतनं हैबतरावांचा आवाज आला, "आरं तिच्या!" मी तार काढली. "गेला की खाली!" पुन्हा टेकवली. असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी ते आतनंच ओरडले, "ह्यो काय जादूचा खेळ हाय का? कुणीतरी बोला की." तवा माझ्या तोंडातनं आवाज आला. मी म्हणले, "भाईचा काटा खाली व्हता." एवढंच आलं. पण सगळ्यांनी ऐकलं.

अब्बांना सांगावं लागलं न्हाई. त्यांनी इंजन बंद करायला लावलं, पान्हा घेतला आणि गाडीखाली गेले. इंजन उतरवलं तवा वेणीचं इंजनाकडचं टोक त्यांनी सोडवलं व्हतं. चॅसीकडचं टोक सोडवायची गरजच पडली नव्हती, ते तसंच लोंबत व्हतं आणि दुरुस्त केलेलं इंजन त्यालाच जोडलं. तो चॅसीकडचा बोल्ट त्यांनी उघडला. वेणीचं चपटं टोक बाजूला केलं, तर खाली लोखंड न्हाईच. लाल रंग, गुळगुळीत, आरशासारखा, गेल्या दसऱ्याचा. पुजेच्या आदल्या दिवशी गाडी चॅसीसकट रंगवायची असा हैबतरावांचा नेम हाय, आणि पूजा मांडायच्या आधी ते खाली वाकून बोट फिरवून बघतात. कुटं उघडं लोखंड दिसलं की म्हणतात, देवीपुढं गाडी अर्धी उघडी उभी करता का? त्या रंगावर वेणी आवळलेली. रंगातनं करंट जात न्हाई, हे आपल्या गॅरेजातल्या शेळीलाबी ठाऊक असंल.

अब्बा गाडीखालनं बाहेर आले. हैबतरावांसमोर उभे राह्यले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणले, "इंजन माझ्या गॅरेजानं जाळलं. माझ्या पोरानं न्हाई. त्याला मी खोटा म्हणलो, चूक माझी हाय." हैबतरावांनी वाकून बोल्टाची जागा बघितली. मंग म्हणले, "चांदभाई, इंजन माझं गेलं ते गेलं, पण पोरगा तुमचा गेला." आणि मंग जे तोंडाला येईल ते बोलले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत न्हाई. चहा पीत बसलेल्यांतला एक मालक त्याच दिवशी आपली गाडी रंग अर्धा सोडून पिरंगुटला घेऊन गेला. अब्बांनी बोल्टाखालचा रंग स्वतः खरवडला, वेणी बसवली. सेल्फ पहिल्याच दणक्याला उठला. हैबतराव गाडी घेऊन गेले. तुला परत गाडीवर घेतील का म्हणून अम्मानं दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी विचारलं, तर बघू म्हणले. न्हाई म्हणले न्हाईत.

आता ते लिवते ज्याच्यासाठी बसलीया. गेल्या दसऱ्याला ती वेणी मी बसवली व्हती, भाई. त्या दिवशी अब्बा दुसऱ्या गाडीवर व्हते आणि तू पोती उतरवायला गेला व्हतास. ब्रश मागं पोचंना म्हणून मी बोल्ट काढला, खालचं लोखंड आधी घासून चकचकीतबी केलं, जसं शिकवलंय तसं. मंग मनात आलं, हैबतराव बोट फिरवतील आणि चारचौघांत म्हणतील, हितं पोरीनं रंग द्यायचा ठेवला. तेवढं ऐकून घ्यायची माझी छाती झाली न्हाई. मी त्या चकचकीत जागेवर रंगाचे दोन हात मारले, वाळू दिले आणि वर वेणी आवळली. संध्याकाळी अब्बांनी वाकून बघितलं आणि हूं म्हणले. वेणीत घोळ हाय हे बुधवारी कळलं त्याच क्षणाला ते मला आठवलं, म्हणून दोन दिवस तोंड उघडलं न्हाई. शुक्रवारी अब्बांनी सगळं आपल्यावर घेतलं तवाबी मी उभीच राह्यले. आधी तू माझ्याबदली ऐकून घेतलंस, मंग अब्बांनी. आज सकाळी ते कानशीनं लोखंड घासत बसले व्हते, त्यांच्यापुढं बसून सांगितलं, मी रंगवलं व्हतं. त्यांनी घासणं थांबवलं न्हाई. म्हणले, "बोल्ट उघडला तवाच कळलं. दोन वायसर घालून आवळायची खोड हितं तुझीच हाय." मी विचारलं, मंग माझं नाव का न्हाई घेतलं? तर म्हणले, "एका लेकराचं नाव घ्यायची घाई करून बघितली. पुन्यांदा नगं. पण त्याला कळायला पायजे, आणि ते तूच लिवायचंस. मी लिवलं तर ती माझी माफी व्हईल, तुझी न्हाई." तर हे माझं. तू खरा व्हतास आणि तुझं घर माझ्यामुळं सुटलं. माझ्यावर हवा तेवढा राग धर, उत्तर न्हाई दिलंस तरी मी समजंन. पण अब्बांवर धरू नगंस. आज दुपारी मी विहिरीवर जाऊन सगळ्या बायांसमोरबी सांगून आलीया, आवाज कापला, पण सांगितलं. यायचं का न्हाई ते तू ठरव. आलास तर गॅरेजात तुझी जागा हाय, हे अब्बांनी मला लिव म्हणून सांगितलेलं न्हाई, पण तुझी पान्ह्यांची पेटी त्यांनी शनिवारी तेल लावून पुसून ठेवलीया.

थांब, बाहेर आरडाओरडा चाललाय. कोंडाजी पळत सांगून गेला, खालच्या आळीतल्या लीलाबाईंच्या विहिरीत बिबट्या पडलाय! जिवंत हाय, पोहतोय, लीलाबाई वरनं त्याला शिव्या देतीया, आणि माणसं त्याला वर काढायला बाज दोरीला बांधून खाली सोडायला निघालीत. अब्बासुद्धा दोर घेऊन गेले. मीबी चालले, पत्र हितंच मिटते.

तुझीच,
बद्रू